कार्ब्युरेटरचा श्वास आणि सुती जाळी

मोटारीच्या कार्ब्युरेटरवर कापडाच्या व्यापाऱ्याने का लिहावे, असे वाचक बंधू विचारतील. शर्यतीच्या व हौशी मोटारींना लागणारे कित्येक नामांकित एअर फिल्टर सुती जाळीचे असतात, आणि सूत आम्हांला कळते. शिवाय आमच्या वाचकांत गॅरेजवाले, लेथवाले आणि सुट्या भागांचे दुकानदार पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक चकचकीत माल मागते, आपण काढून देतो आणि थोड्याच दिवसांत ते इंजिनाची तक्रार घेऊन दारात उभे राहते.

भारतात नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जाऊन वीस वर्षांवर काळ लोटला. जुन्या मोटारी सांभाळणारे शौकीन मात्र आजही आहेत, आणि त्यांच्यात वेबरचा मान मोठा. एदोआर्दो वेबर यांनी 1923 मध्ये इटलीतील बोलोन्या शहरात हा कारखाना काढला. त्यांचा 'डीसीओई' नमुना आडवा बसतो व त्याला दोन तोंडे असतात. 1960 च्या दशकातील लोटस एलान आणि अल्फा रोमिओ जीटीए या मोटारींवर असे दोन-दोन कार्ब्युरेटर होते. 40 किंवा 45 हा आकडा थ्रॉटलपाशी असलेल्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतली व्हेंचुरी त्याहून लहान. त्या अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल ओढले जाते.

आता हिशेब करू. लोटसचे ते इंजिन 1558 सीसीचे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेते. मिनिटाला 6000 फेऱ्या आणि सिलिंडर पुरते भरतात असे धरले, तर दर मिनिटाला साडेचार हजार लिटरांहून जास्त हवा लागते. एवढी हवा मुठीएवढ्या फिल्टरातून ओढायची म्हणजे तोंडावर हात ठेवून धावण्यासारखे आहे.

म्हणून आधी बॉनेटखालची जागा मोजावी. तिथे मावेल तेवढा मोठा फिल्टर घ्यावा, आणि मग ट्रम्पेट, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरची तुतारीसारखी नळी. लांब ट्रम्पेट कमी फेऱ्यांवर जोर देते, आखूड ट्रम्पेट जास्त फेऱ्यांवर. तिचे तोंड आणि फिल्टरची भिंत यांत 25 मिलिमीटर तरी मोकळे हवेत. जागा कमी पडली तर ट्रम्पेट आखूड करावी, फिल्टर लहान करू नये. लेथवाल्या कारीगरांना यात चांगले काम आहे. ॲल्युमिनियमची ट्रम्पेट इथेही उतरते. काठ पुरता गोल वळवलेला हवा आणि आतला व्यास कार्ब्युरेटरशी तंतोतंत जुळावा. जोडावर नखाला लागेल एवढीही पायरी नको.

सुती फिल्टरची चाल कॅलिफोर्नियातील के अँड एन या कंपनीने रूढ केली. ती 1969 ची. विरळ सुती कापडाचे अनेक थर तारेच्या जाळीत धरून चुण्या घालतात आणि खास तेलाने ओलावतात. धूळ अडते ती या तेलकट धाग्याला चिकटून. विरळ मलमल उजेडात धरली की आरपार दिसते. कोरड्या फिल्टरचे तसेच आहे, बारीक धूळ सरळ आत. पुष्कळ मेकॅनिक फिल्टर पेट्रोलने धुतात, वर हवेचा झोत मारतात. त्याने धागा सरकतो, छिद्रे पडतात. त्याचे ठरलेले द्रावण वापरावे, पाणी आतून बाहेर सोडावे, सावलीत वाळवावा आणि बेताने तेल द्यावे. फोमचा फिल्टरही चालतो, पण जुना झाला की त्याचा चुरा होतो आणि तो चुरा इंजिनच खाते.

ट्रम्पेटवर चढवायचे फोमचे मोजे स्वस्त पडतात. आम्ही ते कुणाला सुचवणार नाही. ठराविक फेऱ्यांवर पेट्रोलचा फवारा ट्रम्पेटबाहेर उलटा उडतो, मोजा भिजतो आणि इंजिनाने एकदा उलटा भडका मारला की आग लागते. आमच्या रस्त्यांवर उघडी ट्रम्पेट तर शोभेलाच बरी.

फिल्टरची मागची पट्टी आणि तिचे गॅस्केट यांकडे कुणी बघत नाही. डीसीओईच्या तोंडांजवळ तरंगत्या पेट्रोलच्या टाकीला हवा मिळण्याची वाट असते. स्वस्त गॅस्केट ती झाकते. मग मिश्रण बिघडते आणि दोष जेटवर येतो. रेडिएटरमागची तापलेली हवाही टाळावी. तीन अंश थंड हवा सुमारे एक टक्का दाट असते. हे सगळे बसल्यावरच जेट तपासावेत. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले तर पिस्टन जळू शकतो. पीयूसीची तपासणीही त्यानंतरच करावी.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला जुने गॅस्केट, कार्ब्युरेटरवरचा कोरलेला क्रमांक आणि बॉनेटखालचे माप घेऊनच यायला सांगावे. ते हाती नसेल तर त्या दिवशी माल काढू नये.