पौर्णिमेच्या अलीकडच्या रात्री

म्हैसूरहून कूर्गला निघालेली मराठी पर्यटकांची गाडी हुणसूरवरून जाते. चहा-इडली उरकायची आणि पुढचं बायलकुप्प्याचं सुवर्णमंदिर गाठायचं, एवढाच या गावाशी संबंध. पण हुणसूर तालुक्यातच, हमरस्त्यापासून आत, गुरुपुऱ्याला तिबेटी वसाहत आहे आणि तिथे ग्युमे हा तांत्रिक परंपरेचा मोठा मठ आहे. तिबेटी मठांत पौर्णिमेला आणि अमावास्येला ‘सोजोंग’ होतो. भिक्षू एकत्र जमतात, घेतलेल्या व्रतांची उजळणी करतात, घडलेल्या चुका कबूल करतात. हाच बौद्ध परंपरेतला उपोसथ. आपल्याकडच्या विहारांतही पौर्णिमेला वंदनेसाठी मंडळी जमतात, त्याचं मूळ तेच.

मन आणि चंद्र यांची सांगड आपल्याकडेही जुनी. विराट पुरुषाच्या मनातून चंद्र जन्मला असं पुरुषसूक्त मानतं. आणि घराघरांत एक वाक्य असतंच: “अमावास्या जवळ आलीय, म्हणून तो असा वागतोय.” या वाक्यात खरं किती, हे पाहायचं तर आधी चंद्र रोज आकाशात कधी आणि कुठे असतो, हे नीट समजून घ्यायला हवं. ते खरं मानणारे आणि हसण्यावारी नेणारे, दोघेही नेमकी हीच पायरी गाळतात.

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि सूर्यापासून त्याचं कोनात्मक अंतर वाढत जातं. बारा अंश वाढले की एक तिथी. अशा तीस तिथी पुऱ्या व्हायला सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, त्याच्याबरोबरच उगवतो आणि मावळतो. पौर्णिमेला तो बरोबर समोर येतो, म्हणजे सूर्य मावळताना उगवतो. रोज त्याचं उगवणं सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतं. संकष्टी धरणाऱ्याला हे पोटातून कळतं: पौर्णिमेला दिवेलागणीला उगवणारा चंद्र वद्य चतुर्थीला नऊ-साडेनऊपर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत उपाशी ठेवतो.

यातून एक साधी गोष्ट निघते, पण ती सहसा ध्यानात येत नाही. संध्याकाळी डोक्यावर चांदणं असतं ते शुद्ध पक्षात. शुद्ध एकादशीला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात चांगला वर आलेला असतो आणि रात्री दोन-तीनपर्यंत राहतो. पौर्णिमा उलटून तीन-चार दिवस झाले की चंद्र अजून मोठा असतो, पण संध्याकाळ काळोखी जाते. चांदणं पडतं ते माणसं झोपल्यावर.

हा काळोख खऱ्या अर्थाने जिवावर बेततो, याचा पुरावा टांझानियातला आहे. क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी गावकऱ्यांवर केलेल्या सुमारे ५०० हल्ल्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. सर्वांत धोक्याचे दिवस निघाले पौर्णिमेनंतरचे, आणि वेळ संध्याकाळची. चांदण्यात सिंहाला शिकार नीट साधत नाही. मग अंधारी संध्याकाळ मिळताच भुकेला सिंह बाहेर पडतो. हुणसूरच्या दक्षिणेला नागरहोळेचं जंगल आहे, सिंह नाहीत, पण वाघ आणि हत्ती आहेत. वीज येण्याआधीच्या माणसाने चंद्रावर नजर ठेवली ती हौसेने नव्हे. पौर्णिमेची भीती जगभर का दिसते, याचं एक उत्तर इथे असावं: ती रात्र स्वतः घातक नाही, घातक दिवस सुरू झाल्याची ती खूण आहे.

जंगलातले जीवही चांदणं पाळतात. आग्या मोहोळाच्या माश्या उजेड पुरेसा असेल तर रात्रीही चरायला जातात. नागरहोळेच्या जंगलात मध काढण्यात पिढ्या घालवलेल्या जेनु कुरुब आदिवासींना हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आता माणसाच्या झोपेकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गंमत झोपेतच आहे. २०२१ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. उत्तर अर्जेंटिनातल्या तोबा या आदिवासी समाजातल्या ९८ जणांच्या मनगटावर झोप मोजणारी यंत्रं बांधली होती. काहींच्या वस्तीत वीज नव्हती, काहींकडे थोडी होती, काही शहराच्या कडेला राहत होते. तिन्ही ठिकाणी एकच चित्र दिसलं: पौर्णिमेच्या आधीच्या तीन ते पाच रात्री माणसं सर्वांत उशिरा झोपतात आणि सर्वांत कमी झोपतात. महिन्यातल्या जास्तीत जास्त आणि कमीत कमी झोपेत पाऊण तासाहून अधिक फरक होता. म्हणजे नेमकं पौर्णिमेला नव्हे, तर अलीकडे, आपल्या तिथींत शुद्ध दशमी ते द्वादशीच्या सुमारास, जेव्हा संध्याकाळभर चांदणं असतं. वारकऱ्यांचा आषाढी-कार्तिकीचा जागर याच टप्प्यात येतो. त्याचं कारण चांदणं आहे असं मी म्हणणार नाही (वद्य एकादशीही पाळतातच), पण जागायला सोयीची रात्र आहे खरी.

चांदण्याची ताकद मात्र फार नाही. भर पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स. घरातल्या साध्या दिव्याखाली शंभरच्या वर लक्स सहज मिळतात. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देतो असं वाटेल, पण देतो जेमतेम दहावा हिस्सा. तिरप्या उन्हात चंद्रावरच्या खडकांच्या आणि खड्ड्यांच्या सावल्या उजेड खातात. एवढ्या मंद प्रकाशाने मेंदूतलं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक थेट दबेल हे कठीण. पण अंगण दिसतं, माणसं गप्पा मारत बसतात, झोप पुढे ढकलली जाते. कोजागरीला आपण हेच मुद्दाम, आटीव दूध घेऊन करतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच अभ्यासात सिअ‍ॅटलच्या ४६४ विद्यार्थ्यांची झोपही तपासली होती. तिथे रस्त्यावरच्या दिव्यांपुढे चांदणं कुणाच्या खिजगणतीत नाही, तरी झोपेत तसाच चढउतार दिसला. का, हे कोडं आहे. त्याआधी २०१३ साली बाझेलच्या क्रिस्तियान कायोखेन यांनी प्रयोगशाळेत झोपलेल्या ३३ जणांची जुनी नोंद पुन्हा तपासली. पौर्णिमेच्या आसपास झोप वीस मिनिटं कमी आणि उथळ निघाली. २०१४ साली दुसऱ्या गटाने ४७० जणांच्या दोन हजारांहून जास्त रात्री तपासल्या आणि त्यांना काहीच सापडलं नाही. परिणाम असला तर तो लहान आहे, आणि सगळ्यांना सारखा होत नाही.

झोपेवरून मनाकडे जाणारा रस्ता मात्र चांगला मळलेला आहे. दोन रात्री कमी झोपलं की चिडचिड वाढते, लहानसहान गोष्ट डोंगराएवढी वाटते. हे सांगायला प्रयोगशाळा नको. द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, कमी झोप उन्मादाला निमंत्रण देते. थॉमस वेअर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने २०१८ साली १७ रुग्णांच्या दीर्घ नोंदी मांडल्या. त्यांची मनःस्थिती भराभर पालटत असे आणि ती पालटण्याच्या वेळा चंद्राच्या चक्राशी जुळत होत्या. सतराच माणसं, तीही एका विशिष्ट आजाराची. यावरून शेजारच्या काकांच्या रागाचं पंचांग मांडता येत नाही.

‘शरीरात सत्तर टक्के पाणी, मग भरती येणारच’ हा युक्तिवाद मात्र सोडून द्यावा. मायामीचे मानसोपचारतज्ज्ञ आर्नल्ड लीबर यांनी १९७८ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि ही कल्पना जगभर पसरली. भरती येते ती पाणी आहे म्हणून नव्हे. पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूवर चंद्राची ओढ वेगवेगळी पडते, आणि हा फरक हजारो किलोमीटरच्या पसाऱ्यात उठून दिसतो. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, कारण तिथे अख्खा समुद्र आहे. हुणसूरची लक्ष्मणतीर्थ नदी कृष्णराजसागराला मिळते. त्या प्रचंड जलाशयाला उधाण आलेलं कुणी पाहिलेलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातही भरती पाच सेंटिमीटरच्या आत असते. मग पावणेदोन मीटरच्या माणसात ती कुठून येणार?

उरते ती आपली अपेक्षा. अमावास्येला भांडण झालं की लक्षात राहतं. षष्ठीला झालेलं विसरतो. शिवाय त्या दिवशी आपण वेगळे वागतो: उपास करतो, जागतो, नवी गाडी घेत नाही, देवळात अंगात येणाऱ्यांची गर्दी पाहतो. जेम्स रॉटन आणि आयव्हन केली यांनी १९८५ साली ३७ अभ्यास एकत्र तपासले. विक्षिप्त वागणं, गुन्हे, रुग्णालयातली भरती यांत चंद्रकलांचा वाटा एक टक्काही निघाला नाही. ठरावीक दिवशी वेगळं वागण्यातून चांगलंही घडू शकतं. दर पंधरवड्याला चारचौघांत बसून चूक कबूल करणारा भिक्षू हलक्या मनाने उठत असेल, तर ते चंद्राचं काम नाही, पण चंद्राने नेमून दिलेल्या वेळेचं नक्कीच आहे.

स्वतःपुरतं तपासायचं असेल तर तीन महिने रोज सकाळी एका वहीत रात्रीची झोप आणि आदल्या दिवसाचं मन शून्य ते दहात लिहा. तिथी त्यात लिहू नका. भिंतीवरचं कालनिर्णयही शक्यतो पाहू नका. शेवटी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तिथी भरायला सांगा आणि मग पौर्णिमा-अमावास्येचे दिवस पाहण्याआधी पौर्णिमेच्या अलीकडचे चार-पाच दिवस पाहा. तिथे झोप खरंच घटत असेल तर त्या आठवड्यात मोबाईल लवकर ठेवा, पडदा ओढा, दुपारनंतरचा चहा टाळा.

आणि घरात कुणाचं मन सलग दोन आठवडे खचलेलं असेल, किंवा कुणी झोपेविना विलक्षण उत्साहात असेल, तर अमावास्या टळण्याची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.