‘उठत नाही’ आणि ‘उठवत नाही’

मराठीत ‘तो उठत नाही’ आणि ‘त्याला उठवत नाही’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यातून इच्छेचा अभाव सूचित होतो, तर दुसऱ्यातून इच्छा असूनही हातून ती गोष्ट न होणे. स्किझोफ्रेनिया झालेल्या व्यक्तीविषयी घरातली माणसे बहुधा पहिले वाक्य बोलतात. संशोधनाचा कौल मात्र दुसऱ्या वाक्याच्या बाजूने आहे.

नसलेले आवाज ऐकू येणे किंवा कोणीतरी आपल्या पाळतीवर आहे अशी ठाम समजूत होणे, अशा आजारामुळे नव्याने भर पडलेल्या अनुभवांना ‘धन लक्षणे’ म्हणतात, तर पूर्वी असलेले जे उणे होते, म्हणजे मोकळे बोलणे, चेहऱ्यावरचे भाव, माणसांत मिसळण्याची ओढ, कामाची उमेद, त्या घटीला ‘ऋण लक्षणे’ म्हणतात. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द योजला, त्याच्याही आधीपासून एमिल क्रेपेलिन हा जर्मन तज्ज्ञ या आजारातील इच्छाशक्तीच्या क्षीणतेकडे लक्ष वेधत होता. तरीही ऋण लक्षणे मागे पडली, कारण आरडाओरडा करायला लावणारे लक्षण आजार म्हणून ओळखले जाते आणि गप्प बसवणारे लक्षण स्वभावात जमा होते.

अशा व्यक्तीला कशातच गोडी उरत नाही, हा समज प्रयोगांत फारसा टिकलेला नाही. समोर आलेला वाफाळता चहा ती आवडीने पिते. अडचण येते ती उठून, आधण ठेवून, तो करून घेण्याच्या वेळी. हाती आलेले सुख बरेचसे शाबूत असते, पण पुढे मिळणाऱ्या सुखाची मनातली चाहूल मंदावते आणि त्यासाठी लागणारे कष्ट अवाजवी मोठे भासू लागतात.

कष्ट आणि मोबदला यांचा हा मेळ मोजण्यासाठी २००९ मध्ये अमेरिकेत मायकेल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. तिच्यात प्रत्येक फेरीला दोन पर्याय असतात : सरावाच्या हाताच्या तर्जनीने ७ सेकंदांत ३० वेळा कळ दाबून थोडे पैसे मिळवणे, किंवा दुसऱ्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा कळ दाबून अधिक पैसे मिळवणे, शिवाय पैसे पदरात पडण्याची शक्यता किती, हेही आधी सांगितले जाते. मोबदला आणि शक्यता वाढली की निरोगी माणसे अवघड पर्यायाकडे झुकतात. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींमध्ये हा झुकाव कमी आढळला, आणि काही अभ्यासांत तर लाभ क्षुल्लक असताना त्या इतरांइतकेच किंवा अधिक कष्ट घेताना दिसल्या. ज्याला अंग चोरायचे आहे तो असे का करील? येथे बिघडलेला आहे तो कष्ट कोठे खर्चावेत याचा हिशेब, आणि म्हणूनच ‘आळशी’ हा शब्द केवळ कठोर नाही, तर चुकीचाही आहे.

या हिशेबात डोपामाइन या मेंदूतील रासायनिक संदेशवाहकाचा वाटा आहे. ज्यांच्या मेंदूच्या विशिष्ट भागातील डोपामाइन घटवले होते असे उंदीर समोरचे खाणे नेहमीप्रमाणे खात, पण अडथळा चढून मिळणारे जास्तीचे खाणे सोडून देत. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते : वारंवार अपयश आणि टोमणे वाट्याला आलेल्या माणसाची ‘करून उपयोग काय’ ही धारणा घट्ट होत जाते. अॅरन बेक आणि सहकाऱ्यांनी याच धारणेला हात घालणारी उपचारपद्धती विकसित केली आणि तिने प्रेरणेत सुधारणा झाल्याचे आढळले.

घरात याचा अर्थ असा, की ‘दिवसभर काहीतरी कर’ या उपदेशापेक्षा ‘दोघे मिळून दहा मिनिटे कोथिंबीर निवडू’ हे आमंत्रण अधिक चालते, कारण त्यात कष्ट मोजके, सोबत ठरलेली आणि फळ लगेच दिसणारे असते. सध्याची औषधे भास आणि भ्रम बऱ्यापैकी आटोक्यात आणतात, ऋण लक्षणांवर मात्र त्यांचा परिणाम तोकडा पडतो. काही वेळा मरगळीचे कारण औषधाची गुंगी किंवा सोबतचे नैराश्यही असू शकते, आणि ते ओळखणे व औषधांत बदल करणे हे डॉक्टरांचे काम आहे, घरच्यांनी गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे. तेव्हा पुढच्या भेटीत आवाज ऐकू येतात का, एवढेच सांगून थांबू नये. अंघोळीला उठायला किती वेळ लागतो, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.