वेफर्स काळे का पडतात?

वेफर्स तळताना कधी कधी बटाटा कढईत पडताच तांबूस होतो आणि झाऱ्यावर येईपर्यंत काळपट दिसू लागतो. अशा वेळी कुणी तेलाला दोष देते, कुणी दुकानदाराला. खरा दोष बहुधा साठवणीचा असतो. खाण्याचा बटाटा शीतगृहात साधारण २ ते ४ अंश सेल्सियस तापमानाला ठेवतात. या थंडीत बटाट्यातील पिठूळ पदार्थाची, म्हणजे स्टार्चची, हळूहळू साखर होते. म्हणून असा बटाटा भाजीत गोडसर लागतो आणि तळला की करपतो.

प्रश्न केवळ रंगाचा असता तर या सदरात त्याची चर्चा केली नसती. बटाट्यात ॲस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. ते आणि ही साखर १२० अंशांच्या वर तापली की त्यांच्या संयोगातून ॲक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. तळलेल्या व भाजलेल्या पदार्थांत ते असते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली जाहीर केले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग होतो असे दिसले आहे. माणसांच्या पाहण्यांतून मात्र तसा स्पष्ट पुरावा हाती आलेला नाही. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, पण हे रसायन पोटात जितके कमी जाईल तितके बरे. उकडलेल्या बटाट्यात ही भीती नाही, कारण पाणी १०० अंशांपलीकडे तापतच नाही.

मग बटाटा कमी थंडीत का ठेवू नये? ठेवतात. वेफर्सच्या कारखान्यांसाठीचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात. तिथे साखर कमी होते, पण कोंब फुटतात. ते रोखण्यासाठी सीआयपीसी नावाच्या औषधाची धुरी द्यावी लागते. या औषधाची मान्यता युरोपीय संघाने २०१९ साली पुढे चालू ठेवली नाही. म्हणजे थंडीत ठेवावा तर साखर, उबेत ठेवावा तर औषध, अशी ही कोंडी आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ‘कुफरी चिपसोना’ या कमी साखरेच्या जाती काढल्या, त्याने कारखान्यांची बरीच सोय झाली.

(जाता जाता एक खुलासा. काही ठिकाणी असा कमी साखरेचा बटाटा ‘शुगर फ्री’ म्हणून विकतात. मधुमेही मंडळींनी या नावाला भुलू नये. पोटात गेल्यावर स्टार्चचीही शेवटी साखरच होते.)

या कोंडीवर जनुक संपादनाचा उपाय पुढे आला आहे. बाहेरचे जनुक बटाट्यात घालायचे नाही, त्याच्याच एका जनुकाला नेमक्या जागी कात्री लावायची, असा हा प्रकार. उसाच्या साखरेसारख्या मोठ्या रेणूचे दोन तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार करणारे एक विकर बटाट्यात असते. अमेरिकेत ‘रेंजर रसेट’ या जातीत त्या विकराचे जनुक बंद करण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, थंडीत ठेवूनही बटाट्यात ती साखर मोजण्याइतकीही आढळली नाही. त्याचे वेफर्स फिक्या रंगाचे निघाले व ॲक्रिलामाइडही घटले.

सांगायला सोपे वाटते, पण बटाटा हे अवघड पीक आहे. आपल्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, बटाट्यात चार. चारही बंद झाल्या नाहीत तर काम अर्धवट राहते. संकर करावा तर मूळ जातीचे सगळे गुण विस्कटतात. हे शेतकऱ्याला परवडत नाही. संपादनात जात तीच राहते, एवढा एकच गुण बदलतो, हा त्याचा मोठा फायदा.

यावर शंका येते, निसर्गात ढवळाढवळ करून काढलेला बटाटा खावा का? शंका रास्त आहे. पण नेहमीच्या संकरातून आलेले सारे निर्धोक असते, असेही नाही. अमेरिकेत १९६७ साली ‘लेनापे’ ही वेफर्ससाठी उत्तम अशी जात साध्या संकरातून निघाली. तिच्यात सोलॅनिनसारख्या विषारी द्रव्यांचे प्रमाण जास्त आढळले आणि १९७० मध्ये ती मागे घ्यावी लागली. किलोमागे २०० मिलिग्रॅम ही या द्रव्यांची सर्वसाधारण मर्यादा मानतात. उलट जपानी शास्त्रज्ञांनी २०१४ साली एक जनुक बंद करून हेच विष कमी असलेला बटाटा तयार करून दाखवला. तेव्हा बियाणे कोणत्या पद्धतीने काढले यापेक्षा कंदात काय उतरले, हे तपासणे महत्त्वाचे. भारत सरकारने मार्च २०२२ मध्ये, परके जनुक नसलेल्या संपादित पिकांना जुन्या कडक नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये भाताच्या दोन संपादित जाती जाहीर झाल्या. सूट मिळाली म्हणून तपासणी सैल पडू नये, आणि पाकिटावर तसे स्पष्ट छापावे, असे आमचे मत आहे.

आज मंडईतून आपण आणतो तो बटाटा नेहमीचाच आहे, त्याची काळजी घरीच घ्यायची. तळण्यापूर्वी काप अर्धा तास पाण्यात ठेवले की वरची साखर निघून जाते. मग ते कोरडे करून सोनेरी होईपर्यंतच तळावेत. बटाटे उजेडात ठेवू नयेत, हवेशीर अंधाऱ्या जागी पसरावेत. कोंब व डोळे खोलवर कापून काढावेत आणि फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा सरळ फेकून द्यावा. १९६९ साली लंडनच्या लुइशॅम भागातील एका शाळेत सुट्टीपूर्वीचे उरलेले बटाटे जेवणात वापरले गेले. ७८ मुलांना उलट्या-जुलाब झाले, त्यांतील १७ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सारी बरी झाली. ते बटाटे उकडलेलेच होते. सोलॅनिन उकडून जात नाही.