देशाची तिजोरी कुणाच्या दारी?

दरवर्षी १ फेब्रुवारीला दिल्लीत देशाचा अर्थसंकल्प मांडला जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठमोठे आकडे येतात. आपल्या घरातला कर्ता माणूस ते वाचतो, "आपल्याला काय त्याचं?" म्हणतो आणि पेपर घडी करून ठेवतो. आम्हाला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. कारण तो पैसा कुणा परक्याचा नाही. साबणाच्या वडीपासून काडेपेटीपर्यंत जे जे आपण विकत घेतो, त्यातल्या बहुतेक वस्तूंवर आपण कर भरतो. हातावर पोट असणारी आमची माय-बहीणसुद्धा या तिजोरीत भर घालते. मग त्या तिजोरीतून कोणती मोठी कामे व्हावीत, हे विचारण्याचा तिला अधिकार नाही काय?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने रस्ते, रेल्वे, धरणे अशा भांडवली कामांसाठी ११ लाख २१ हजार कोटी रुपये दाखवले होते. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये! त्याच वर्षी खेड्यातल्या मजुरांच्या रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटी होते. या दोन आकड्यांवरूनच कुणावर अन्याय झाला असा निकाल आम्ही देत नाही. रस्ता हवा, वीज हवी, धरणही हवे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, देशाच्या पैशाने मोठे काम उभे राहते तेव्हा त्याचा लाभ कोणत्या मापाने वाटला जातो? एकराच्या मापाने की माणसाच्या मापाने? ज्याच्या सातबाऱ्यावर एक गुंठाही नाही, त्याचा वाटा कुठे लिहिलेला असतो?

बाबासाहेब आणि मोठी धरणे

मोठ्या राष्ट्रीय प्रकल्पांचे आपल्याला वावडे असण्याचे कारणच नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. तेव्हा केवळ बांध घालून पूर अडवण्यावर न थांबता, पूर रोखणे, शेतीला पाणी, वीज आणि जलवाहतूक या सर्वांचा एकत्र विचार करणाऱ्या बहुउद्देशीय योजनेला त्यांनी चालना दिली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास आणि ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे त्यांच्या पुढाकाराने परिषदा झाल्या. पुढे दामोदर खोरे महामंडळ आणि महानदीवरील हिराकूड धरण उभे राहिले. जास्तीचे पाणी हे संकट नसून संपत्ती आहे, ती साठवली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणजे देशाने मोठे स्वप्न पाहावे आणि त्यासाठी मोठा पैसा लावावा, हे बाबासाहेबांना मान्यच होते. पण १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात त्यांनी दुसरी बाजूही मांडली. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, पाणी आणि अवजारे राज्याने पुरवावीत आणि गावात कुणी जमीनदार, कुळ किंवा भूमिहीन मजूर उरू नये, अशी ती योजना होती. देशाने त्यांच्या पहिल्या विचारावर धरणे बांधली. दुसरा विचार मात्र कपाटातच राहिला.

प्रवरेचा धडा

याचा परिणाम पाहायचा तर लांब जायला नको. आपला नगर जिल्हाच, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, त्याचा धडा देतो.

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. दख्खनचा हा भाग पर्जन्यछायेचा. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने येथे कालवे काढण्याचा विचार धरला, तो मुख्यतः दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापासून डावा-उजवा कालवा निघाला. पण पाणी आले तसा ऊसही आला. पुढे लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. सहकाराचे हे मोठे काम सर्व देशाने नावाजले, आणि ते योग्यच आहे. त्या पाण्यावर शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, बाजारपेठा वाढल्या.

परंतु ज्याच्याकडे कालव्याखाली जमीन, त्याचेच पाणी. आणि ज्याचे पाणी, त्याचाच ऊस. आपल्या समाजाकडे महारवतनाची हाडकी-हाडोळा होती, तीही तुकड्या-तुकड्यांची. त्यामुळे कालवा घराशेजारून गेला तरी आपल्या वाट्याला बहुधा आली ती उसाच्या फडातली मजुरी. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यात, दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता आणि बिऱ्हाड गाडीत टाकून निघतात. वंजारी, बौद्ध, मातंग, भटके अशा अनेक समाजांचे लोक त्यात आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'! सरकारच्या पैशाने आलेले पाणी, त्या पाण्याचा ऊस, आणि त्या उसाखाली वाकलेली भूमिहीनाची पाठ, अशी ही साखळी आहे.

निळवंड्याची त्रेपन्न वर्षे

त्याच प्रवरेवर भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरण आहे. १९७० साली त्याला मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ७ कोटी ९३ लाख रुपये. डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आणि तोवर खर्च गेला होता सुमारे ५ हजार १७७ कोटींवर! मधल्या काळात रुपयाची किंमत घसरली हे खरे. पण त्रेपन्न वर्षांच्या दिरंगाईत एक अख्खी पिढी पाण्याची वाट पाहत म्हातारी झाली, त्याची किंमत कोणत्या रुपयात मोजणार? ८५ किलोमीटरचा हा डावा कालवा आणि त्याचे जाळे नगर जिल्ह्यातील सहा आणि नाशिकमधील एक अशा सात तालुक्यांतील १८२ गावांसाठी आहे. दुष्काळी टापूतल्या या गावांचा पाण्यावरचा हक्क कुणीही नाकारू नये. परंतु तिथेही पाणी मोजले जाते ते हेक्टरात.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर तर जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा असा वाद वारंवार पेटतो. धरण धरणाशी भांडते, जिल्हा जिल्ह्याशी भांडतो. भूमिहीन मात्र दोन्हीकडे सारखाच कोरडा राहतो. उद्या पश्चिमेकडे समुद्रात जाणारे पाणी हजारो कोटी खर्चून गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या योजना आहेत. ते पाणी येण्याआधीच त्याच्या वाटपाचा प्रश्न विचारला पाहिजे. कालवा बांधून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

माणसामागे पाणी

"भूमिहीनाला पाणी देऊन तो काय करणार?" असे काही शहाणे विचारतील. त्याचे उत्तर शेजारच्या पुणे जिल्ह्याने पूर्वीच दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यांचा नियम साधा होता. पाणी जमिनीमागे नाही, घरातल्या माणसामागे! माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. तो त्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसू शकतो. म्हणजे पाण्याचा वाटा हीच त्याची मालमत्ता झाली. हा प्रयोग लहान उपसा योजनांवर झाला. त्याला देशाच्या तिजोरीचे बळ का मिळू नये?

दुष्काळाने दिलेली योजना

देशाने पैसा लावावा असे दुसरे मोठे काम याच महाराष्ट्राने देशाला दाखवले, ते म्हणजे रोजगार हमी. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडून हाताला आलेले फोड! १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, ही भीक नव्हे, हक्क! त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि सरकारने तेवढीच भर घातली. मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाच्या पगारातून गावाकडच्या बहिणीची मजुरी निघाली, असे म्हटले तरी चालेल.

पुढे २००५ साली याच धर्तीवर सबंध देशासाठी कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी लिहिली आहे. मात्र खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला आहे. कागदावर दिवस वाढले, पण राज्याच्या तिजोरीत पैसा नसेल तर ते दिवस मजुराच्या पदरात कसे पडणार, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

या मजुरीतून नुसते खड्डे खणले जातात असे म्हणणाऱ्यांनी नगर तालुक्यातील हिवरे बाजार पाहावे. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी सरकारी योजनांच्याच पैशातून डोंगरावर समतल चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही, आणि गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, असे नियम केले. काम मजुरांच्या हातचे, पण दुष्काळ हटला तो गावाचा.

आमच्या मते तीन कामे

तेव्हा देशाने लाखो कोटी खर्चावेत अशी कोणती कामे आहेत, असे कुणी विचारले तर आम्ही तीन सांगू.

पहिले, प्रत्येक कोरडवाहू गावाचे पाणी अडवण्याचे काम, पूर्ण मजुरीने, वेळेवर पगाराने आणि पाथर्डी-जामखेडच्या माणसाला दसऱ्यानंतर गाव सोडावे लागणार नाही एवढ्या दिवसांचे.

दुसरे, सरकारी पैशाच्या प्रत्येक नव्या पाणी योजनेत भूमिहीन कुटुंबाच्या नावे पाण्याचा लेखी वाटा, आणि त्याच्या जोडीला जमीन. भूमिहीन अनुसूचित जातींच्या कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना २००४ पासून राज्यात आहे. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे सेनापती असलेल्या दादासाहेबांचे नाव दिले आहे, तर पैसाही त्या नावाला शोभेल असा द्यावा.

तिसरे, मुलांची वसतिगृहे. आई-बाप फडावर गेले की मूल कोपीत राहते आणि शाळा सुटते. २०२१ साली राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. असे वसतिगृह प्रत्येक स्थलांतर करणाऱ्या टापूत उभे राहणे, हे आम्ही धरणाइतकेच राष्ट्रीय काम समजतो. धरणात पाणी साठते, वसतिगृहात पिढी साठते.

आपण काय करायचे?

दिल्लीचा अर्थसंकल्प आपण लिहीत नाही; पण गावचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी भगिनींनी मागे न बसता पुढे बसावे. काम हवे असेल तर लेखी मागावे आणि तारखेची पोच घ्यावी. तोंडी मागणीला पुरावा नसतो. अनुसूचित जातींसाठीचा निधी गावात आला किती आणि खर्च कशावर झाला, हे विचारावे. तो निधी दुसरीकडे वळवला जाऊ नये यासाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली कायदे केले, हेही लक्षात ठेवावे.

घटना समितीत १९४९ साली बोलताना बाबासाहेबांनी देशाचा जमाखर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. सरकारचा हिशोब तपासणे एवढे मोलाचे काम आहे! ते काम गावात करायला पदवी लागत नाही. घरातल्या शिकलेल्या मुलीने आईशेजारी बसून ग्रामपंचायतीच्या फलकावरचे आकडे वहीत उतरवले तरी सुरुवात होते. तिजोरी आपली आहे. तिचा हिशोबही आपणच मागितला पाहिजे.