खुराड्यापाशी लावलेला कान

कोंबडीचा आजार दिवसा दिसतो, पण त्याआधी तो रात्री ऐकू येतो. दिवसभर अंगणात इतकी कलकल चालते की कोणाच्या घशात काय वाजतंय ते कळत नाही. दिवेलागण होते, कोंबड्या आपापल्या पायांनी खुराड्यात शिरतात आणि तासाभरात निवतात. तेव्हा तिथे जायचं, बॅटरी न लावता फळीला कान लावून दोन मिनिटं उभं राहायचं. निरोगी खुराडं झोपेत जवळजवळ मुकं असतं. आजारी खुराड्यातून मात्र हुक्क्यातल्या पाण्यासारखी गुरगुर येते, मध्येच एक तुटकी शिंक, आणि दुखणं वाढलं असेल तर ओढून घेतलेल्या श्वासाची शीळ.

आमच्या घरी हे काम आजीचं होतं. निजण्यापूर्वी ती परसात एक फेरी मारायची. "पांढरी घुरघुरायला लागलीय, सकाळी तिला वेगळी डालग्याखाली ठेव," एवढं सांगून आत यायची. एका उन्हाळ्यात मात्र तिच्या कानाचा काही उपयोग झाला नाही. आठवडी बाजारातून आणलेली तलंग त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली गेली आणि पुढच्या काही दिवसांत सगळं खुराडं रिकामं झालं. हिरवी शीट, लुळे पडलेले पंख, पाठीवर वळलेली मान. घरघर आजीने ऐकली होती. ती कशाची, हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं.

घरघर हे रोगाचं नाव नाही. ती फक्त हाक आहे. ती कुठून येते हे ओळखण्याची कला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लाकडी टेबलापाशी रोज चालते, आणि तिची दखल फारशी कोणी घेत नाही. गायीम्हशींच्या रांगेत डालगं घेऊन बसलेल्या बाईला अजूनही संकोच वाटतो. एका कोंबडीसाठी कशाला डॉक्टर, असं तिला घरूनच ऐकवलेलं असतं.

ही कला समजायला आधी कोंबडीचा श्वास समजून घ्यावा लागतो. तिला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. फुप्फुसं फासळ्यांना घट्ट चिकटलेली असतात आणि आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवण्याचं काम पातळ पापुद्र्याचे वायुकोश करतात. मानेपासून पोटापर्यंत ते पसरलेले असतात आणि दंडाच्या हाडाच्या पोकळीतही शिरलेले असतात. छातीचं हाड खालीवर होतं तसा हा भाता चालतो. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात आणि फुप्फुसातून ती एकाच दिशेने वाहते. रचना अतिशय कार्यक्षम आहे, पण रोग आत शिरला की तो याच वाटेने पार पोटापर्यंत पोचतो. म्हणूनच आजारी कोंबडी छातीशी आवळून धरू नये आणि पाय धरून उलटी लोंबकळवू नये. भाता दाबला की श्वास संपला.

चांगला डॉक्टर आधी कोंबडीला हात लावत नाही. ती डालग्यात असतानाच पाहून घेतो. चोच मिटलेली आहे की उघडी? प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वरखाली होते का? मान पुढे ताणली जाते का? मग प्रश्न सुरू होतात. "मावशी, कधीपासून आवाज येतोय? एकटीच की आणखी कोणी? नवं कोंबडं आणलंत का? अंडी घालतायत का अजून?" यातल्या शेवटच्या प्रश्नाचं मावशींना नवल वाटतं, पण अंड्यांवरही रोगाची खूण उमटते. कवच सुरकुतलेलं, वेडंवाकडं आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा पातळ असेल तर विषाणूमुळे होणाऱ्या ब्रॉंकायटिसचा संशय येतो.

मग कोंबडी हातात येते. बोटांनी छातीचं हाड चाचपलं की ती किती दिवसांची उपाशी आहे ते कळतं. गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली की दाणा तुंबलाय का ते कळतं. त्यानंतर चोच हलकेच उघडून उजेडाकडे धरायची. वर टाळूची लांबट फट, आणि जिभेच्या मुळाशी एक इवलीशी चीर, उघडत आणि मिटत. ते श्वासनलिकेचं तोंड. इतकं जवळ, इतकं उघडं. आजारी कोंबडीच्या घशात हळदीचं पाणी किंवा तेल ओतायची आपल्याकडे सवय आहे, आणि ओतलेलं पुष्कळदा याच चिरेतून फुप्फुसात उतरतं. औषध थेंबथेंब चोचीच्या कडेला सोडायचं आणि गिळायला वेळ द्यायचा, हे ती चीर एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

एकेका रोगाची सही वेगळी असते. डोळ्याखालचा चेहरा सुजलाय, नाकातून चिकट स्राव येतोय आणि तोंडाजवळ नाक नेलं की कुजका वास येतो, तर तो बहुधा कोरायझा. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आणि आठवडे रेंगाळणारी घरघर असेल तर मायकोप्लाझ्माचा जुनाट आजार. हा अंड्यातून पिलातही उतरतो. तोंडात पिवळे पापुद्रे चिकटलेले, काढायला गेलं की रक्त येतं, ती घशातली देवी. पावसाळ्यात गांडुळं-गोगलगायी टिपणारी वाढती पिलं मान लांबवून जांभया देत असतील, तर श्वासनलिकेत लाल जंत असू शकतात. नर मादीला कायमचा चिकटलेला असल्याने ते दोन फाट्यांचे दिसतात. पिलं तोंड उघडून धापा टाकतात पण घशात काहीच वाजत नाही, तेव्हा आधी त्यांच्याखालचं तूस उचलून हुंगावं. ओलसर तुसावरची बुरशी श्वासातून आत गेलेली असते.

आणि काही वेळा रोगच नसतो. कोंबडीला घाम येत नाही. वैशाखातल्या दुपारी ती चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापते, ते शरीर निववण्यासाठी. तिला सावली आणि गार पाणी हवं. बंद खुराड्यात साचलेल्या शिटेचा अमोनियाही डोळे आणि श्वासनलिका पोळतो. आपण उभे असतो तिथे तो जाणवत नाही. गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेलं की डोळ्यांत पाणी येतं. तिथे औषधाची चिठ्ठी म्हणजे झाडू, कोरडं तूस आणि वाऱ्यासाठी वरच्या बाजूला जाळी.

उपचार या निदानावर उभा राहतो. कोरायझाला आणि मायकोप्लाझ्माला प्रतिजैविकांनी उतार पडतो, पण बरी झालेली कोंबडी रोगाची वाहक राहू शकते. जंतांना जंतनाशक लागतं. बुरशीवर आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. तरीही दुकानातून कसली तरी पुडी आणून पाण्यात कालवणं हाच पुष्कळ घरांतला पहिला उपाय असतो. यात पैसा जातो, दिवस जातात आणि जंतू औषधाला सरावतात. माणसाच्या शेवटच्या फळीतलं कोलिस्टिन हे औषध खाद्यप्राण्यांसाठी वापरण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीने. प्रतिजैविक चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. हे आपल्याच मुलांच्या ताटाशी जोडलेलं आहे.

डॉक्टरांपर्यंत पोचेतो घरी करण्यासारखं पुष्कळ असतं. आजारी कोंबडी लगेच वेगळी काढावी. ऊब, अंधार आणि शांतता द्यावी. कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकपुड्या मोकळ्या कराव्यात. चोचीजवळ स्वच्छ पाणी आणि मऊ भिजवलेलं खाद्य ठेवावं. निरोग्यांचं दाणापाणी आधी, आजारीचं शेवटी, आणि मग हात साबणाने धुवावेत. नवं कोंबडं घरी आणलं की निदान दोन-तीन आठवडे दूर ठेवावं. आमच्या आजीला एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर!

अचानक मर लागली, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मात्र कोंबडी कापायची नाही, सोलायची नाही, शेजारी वाटायची तर मुळीच नाही. दवाखान्याला कळवायचं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला. अशा संशयाचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. कळवायला घाबरणारा माणूस आपल्या दहा कोंबड्या लपवतो आणि पंचक्रोशीला धोका देतो.

राहिली ती आमचं खुराडं रिकामं करणारी मानमोडी. १९२६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलजवळ आणि जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. लगेचच तो कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला आणि आपल्याकडे त्याच गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याला आजही औषध नाही. मात्र त्याच कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्यावरची लस घडली. पिलांना ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास मुक्तेश्वर जातीच्या लसीचं इंजेक्शन, असा क्रम रूढ आहे. आजारी पक्ष्याला लस द्यायची नसते. ती घरघर सुरू होण्याआधीच द्यावी लागते.

अडचण एकच. कुपी १०० मात्रांची आणि घरी कोंबड्या आठ. एकदा विरघळवलेली लस बर्फावर ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते. त्यामुळे आठ कोंबड्यांची मालकीण एकटी लस आणू शकत नाही. तिला वाडी गोळा करावी लागते. मला ही अडचण मोलाची वाटते, कारण रोगही असाच वागतो. त्याला कुंपण माहीत नसतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीत लसीकरण होतं. बर्फ भरलेला थर्मास ओट्यावर ठेवलेला. पशुधन पर्यवेक्षक एकेक कोंबडी हाती घेत, तिचा डोळा वर करून थेंब सोडत आणि ती पापणी मिटेपर्यंत थांबत. त्या थांबण्याशिवाय थेंब वाया जातो. घरोघरची डालगी आली नि गेली. शेवटी कुपीत दहाएक मात्रा उरल्या. वाडीच्या टोकाच्या एका घरातून कोणी आलंच नव्हतं, त्यांच्या कोंबड्या रात्री आंब्यावर चढून बसतात. "आणखी वीस मिनिटं आहेत," पर्यवेक्षक घड्याळ बघत म्हणाले. शेजारचा पोरगा तोंडात बॅटरी धरून झाडावर चढला आणि झोपेने जड झालेल्या कोंबड्या एकेक करून खाली देऊ लागला. मी त्या दोन्ही हातांनी झेलत होतो. छाती न दाबता.