धानाच्या बांधीतील सारस

महागाव तालुक्यात रोही आणि रानडुकरे यांच्या धास्तीने रात्र रात्र जागली करणाऱ्या शेतकऱ्याला, उभ्या पिकातली जागा एका पाखरासाठी राखणारा कोणी शेतकरी याच विदर्भात आहे, हे सांगूनही पटणार नाही; संपादकांनी गोंदियाकडे जाण्याची आज्ञा केली तेव्हा मलाही ते पुरते पटले नव्हते.

या मुलखाचा दप्तरी इतिहास तलावांचा आहे. मालगुजारांच्या अमदानीत कोहळी समाजातील जाणत्यांनी ते बांधले; १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांच्या पाण्यावर धान पिकतो, आणि त्या धानात, महाराष्ट्रातून जवळजवळ नामशेष झालेला सारस आपली वीण घालतो.

रोवणी आटोपून बांध्या भरल्या की पुरुषभर उंचीची ती जोडी धानाची ताटे आणि पाणगवत उपटून पाण्यातच प्रशस्त ढीग रचते, त्यावर बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. शेतकऱ्याचे जाते ते काही ओंजळी धान. मला मोह पडला तो पाण्याच्या हिशोबाचा. वरच्या बांधीचे पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत उतरते. वरच्याने ते अवेळी सोडले तर घरटे बुडते, खालच्याने ओढून घेतले तर ते कोरडे पडून कुत्र्यांच्या तावडीत सापडते. म्हणजे ज्याच्या बांधीत घरटे आहे त्या एकट्याची दया पुरत नाही. शेजारधर्म सांभाळावा लागतो, आणि फवारणीही सर्वांनीच आवरावी लागते. सावन बहेकर यांच्या ‘सेवा’ संस्थेने गावोगावी ‘सारसमित्र’ जोडले ते याच कामासाठी, आणि माझ्या मते घरट्यावर पहारा ठेवण्यापेक्षा हे अवघड आहे.

तरीही सारसगणनेचा आकडा काही वाढताना दिसत नाही. वीजतारांना धडकून सारस मरतात. तणनाशकांचा वापर वाढतो आहे. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली आणि जिल्हावार समित्या नेमल्या गेल्या. पण पिल्लाला पंख फुटायला तीन महिने लागतात आणि धान त्याआधीच कापणीला येतो. मग त्याने चालत जायचे ते तलावाच्या उथळ काठावर, आणि तो काठ गाळाने, बेशरमाच्या झुडपांनी व अतिक्रमणांनी आखडत चालला आहे. शेतकऱ्याने आपली बांधी दिली. तलाव मात्र सातबाऱ्यावर त्याचा नाही.