हरली तरी पुन्हा खेळायला आली पाहिजे

पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे. दिवसभर वाकून पाठ धरते, घरी येऊन पुन्हा चूल. तरीही तुम्ही रेडिओ लावून बसल्या आहात, म्हणून आधी तुमचे आभार. आजचा विषय बचतीचा नाही, कर्जाचाही नाही. आज मोबाइलवरच्या खेळाबद्दल बोलायचं आहे. "हे काय बाई, खेळ पोट्ट्यायचा, आपल्याले काय करायचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. पाच मिनिटं ऐका, मग ठरवा.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत एका ताईंनी चार हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं घरखर्च. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का? खतवाल्याचे पैसे द्याचे होते. पोट्ट्यानं माह्या खात्यातून मोबाइलच्या खेळात घातले." मुलगा अकरावीत. घरच्यांनी मारलं, मोबाइल काढून घेतला. दोन दिवस तो जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या मोबाइलवर तोच खेळ खेळत बसला.

त्याच गावात दुसऱ्या एका ताईंची मुलगी आहे, दहावीतली. तीही तो गोळीबाराचा खेळ खेळायची, आणि चांगला खेळायची. पण त्यात खेळताना एकमेकांशी बोलता येतं. मुलीचा आवाज ऐकला की समोरचे घाण शिव्या द्यायचे. तिनं खेळ काढून टाकला. मला म्हणाली, "मॅडम, खेळ चांगला होता, पण तिथली माणसं चांगली नव्हती."

तिचं हे बोलणं माझ्या डोक्यात बसलं. आपण घरात फक्त मोबाइलवर राग काढतो. तिथली माणसं कशी आहेत, हे कोणी बघतच नाही. आणि माणसं जोडायचं, सांभाळायचं काम तर आपण बचत गटात रोज करतो.

आधी हे खेळ असतात कसे, ते समजून घेऊ. जुन्या मोबाइलवर साप धावायचा, तो खेळ एकट्याचा होता. आताच्या ऑनलाइन खेळात समोर खरा माणूस असतो. तुम्ही दर्यापूरला, तो दिल्लीत. दोघांच्या चाली कंपनीच्या मोठ्या संगणकावर जातात, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि तिथून एकमेकांच्या मोबाइलवर दिसतात. लुडो किंग तुम्ही पाहिला असेल. २०१६ साली नवी मुंबईच्या एका कंपनीनं तो काढला, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोहोचला. त्यात अनोळखी माणसाशीही खेळता येतं, आणि आपली खोली उघडून तिचा नंबर फक्त आपल्या बहिणीला, नणंदेला देऊनही खेळता येतं. हा फरक लक्षात ठेवा. खेळ तोच असतो, पण एका ठिकाणी दार सगळ्यांना उघडं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चावी आपल्याजवळ आहे.

मग भांडणं का होतात? मला चार कारणं दिसली. पहिलं, समोरचा अनोळखी असतो. शिवी दिली तरी उद्या पाणी भरताना त्याला तोंड दाखवायचं नसतं. दुसरं, जोड बरोबरीची नसते. शिकाऊ पोर मुरलेल्या खेळाडूसमोर पडलं की दर वेळी हरतं, मग चिडतं किंवा सोडून जातं. तिसरं, हरलेल्याला चिडवायची सवय. आणि चौथं, पैसा. पैसा लागला की खेळ राहत नाही, जुगार होतो.

आता आपल्या आखाड्याकडे बघा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आखाड्यात कुस्ती म्हणजे दोघांची झुंजच. तरी आधी माती कपाळाला लावतात, हात मिळवतात. जोड लावताना वजन बघतात. पंच असतो. चितपट झालेला उठला की पुन्हा हात मिळवतो. झुंज आहे, पण वैर नाही. हीच रीत मोबाइलवर आणायची, असं आम्ही ठरवलं.

खेळ निवडला बुद्धिबळाचा. कारणं साधी होती. साध्या मोबाइलवर चालतो, नेट कमी लागतं, आणि घरी पुठ्ठ्यावर पट आखूनही शिकता येतो. आम्ही लीचेस नावाचं ॲप घेतलं. ते फुकट आहे, त्यात जाहिरात येत नाही, पैसे भरून काही विकत घ्यायचं नसतं. शिवाय हा खेळ आपल्या भागाचा झाला आहे. अमरावतीचे स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीसारख्या मोठ्या खेळाडूला हरवून. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ साली, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली होती. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या. म्हणजे बुद्धिबळ बायकांचा खेळ नाही, असं कोणी म्हटलं तर ही नावं सांगा.

पाच ताया आणि नऊ मुलं-मुली, अशी सुरुवात झाली. निम्मी दर्यापूरकडच्या गावातली, निम्मी मूर्तिजापूरकडच्या. शिकवायला कोण? ज्याच्यामुळे चार हजारांचं कर्ज झालं, तोच अकरावीचा मुलगा. शाळेत तो बुद्धिबळ खेळलेला होता. मला वाटलं, झालं काम. पण पहिल्याच महिन्यात तीन मुली सोडून गेल्या.

का गेल्या, ते विचारायला मी घरी गेले. एक म्हणाली, "तो चार चालीत मात देते अन् हासते." बुद्धिबळात अशी एक युक्ती आहे. वजीर आणि उंट लवकर बाहेर काढायचे आणि राजाजवळच्या प्याद्यावर दोघांनी मिळून चढाई करायची. नवख्याला ती दिसत नाही आणि चौथ्या चालीला डाव संपतो. मुलानं नियम मोडला नव्हता. पण ज्या गटात एक जिंकतो आणि बाकीच्यांना लाज वाटते, तो गट टिकत नाही. आपल्या बचत गटातही एकच बाई बोलत राहिली की बाकीच्या यायच्या बंद होतात, तसंच हे.

मग सगळ्यांना बसवून नियम केले. मी लिहून आणले नाहीत, खेळणाऱ्यांनीच सांगितले. माणूस स्वतः केलेला नियम पाळतो, हे आपल्याला पंचसूत्रीवरून माहीत आहे. वहीत लिहिलेले नियम सांगते.

एक. खेळ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. बुधवार आणि रविवार, रात्री आठ वाजता. एकेकाला दहा मिनिटं, म्हणजे डाव वीस मिनिटांत संपतो. रात्री जागरण नाही.

दोन. डावाच्या आधी नमस्कार, डावानंतर "चांगला डाव झाला". ॲपवर लिहिता येत नसेल तर फोन करून सांगायचं. मुलांच्या मोबाइलवर बोलण्याचा रकाना बंद ठेवायचा. लीचेसमध्ये लहान मुलांसाठी तशी सोय आहे, ती चालू केली की कोणी त्यांना काही लिहू शकत नाही.

तीन. जोड बरोबरीची. या ॲपवर प्रत्येकाला एक आकडा मिळतो, सुरुवात १५०० पासून. आपल्यापेक्षा मोठ्या आकड्याच्या खेळाडूला हरवलं तर आकडा जास्त वाढतो, लहान आकड्याच्या खेळाडूला हरवलं तर थोडाच वाढतो. त्यामुळे कोण कोणाच्या जोडीचं आहे, ते कळतं. पण नवीन माणसाचा आकडा घसरला की मनही घसरतं. म्हणून पहिला महिना सगळे डाव आकडा न मोजता खेळायचे. तशीही सोय आहे.

चार. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला शिकवायचं. डाव संपल्यावर कुठे चुकलं, ते पाच मिनिटं दाखवायचं. त्या मुलानं मग सगळ्यांना चार चालीची मात कशी अडवायची, ते पुठ्ठ्याच्या पटावर शिकवलं. आता त्याची ती युक्ती कोणावर चालत नाही. त्यामुळे त्यालाही नवीन काही शिकावं लागलं. गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या.

पाच. पैसा नाही. दहा रुपयांची पैजही नाही, चहाचीसुद्धा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. साध्या मैत्रीच्या खेळांना आणि स्पर्धेच्या ई-स्पोर्ट्सला मात्र त्यात मान्यता आहे. घरी एक काम आजच करा. मोबाइलच्या प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड विचारण्याची सोय चालू करा, आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन करा.

सहा. पूर्ण नाव, गाव, फोटो ॲपवर टाकायचा नाही. टोपणनाव घ्यायचं. कोण कोण आहे, ते आपल्या वहीत असतं, तेवढं पुरे. नवीन माणूस घ्यायचा तर गटातल्या दोघांनी ओळख द्यायची. बाहेरच्या कोणी मुलाला त्रास दिला, धमकावलं, तर मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

सात. वाद झाला तर दोन पंच. एक मोठं माणूस, एक मूल, दर महिन्याला बदलायचे. कोणी वाईट बोललं तर पहिल्यांदा समज. दुसऱ्यांदा आठवडाभर खेळ बंद. आठवडा संपला की मागचं उकरून काढायचं नाही, आधीसारखं बोलवायचं.

आठवा नियम त्या दहावीच्या मुलीनं सांगितला, आणि त्यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. ज्या घरात मुलाला खेळायला मोबाइल मिळतो, त्या घरात मुलीलाही तेवढाच वेळ मिळाला पाहिजे. एक ताई म्हणाल्या, "तिचे बाबा देत नाहीत." मग आम्ही त्या बाबांनाच रविवारचा डाव बघायला बोलावलं. लेक कोणाशी खेळते, ते त्यांनी बघितलं. दोन रविवार नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनीच विचारलं, "घोडा असा अडीच घरं कायले चालते?" आता मोबाइल मिळतो.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. उन्हाळ्यात आमच्या दोन्ही गावांचा सामना लागला. शेवटच्या डावात ही दहावीची मुलगी हरत होती. तिचा वजीर गेलेला. तेवढ्यात समोरच्या गावाची लाइन गेली, टॉवरही गेला, आणि समोरची मुलगी पटावरून गायब झाली. अशा वेळी लीचेस आपल्याला विचारतं, विजय घ्यायचा, बरोबरी करायची की वाट बघायची? इकडे सगळे ओरडले, "घे ना वो, जिकली तू!" तिनं बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. म्हणाली, "लाइन गेली यात तिचा काय दोष?" तिनं वाट पाहिली, पण समोरचं घड्याळ संपून गेलं. तेव्हा तिनं फोन करून सांगितलं, लाइन आली की हाच डाव पुठ्ठ्यावर मांडू, इथूनच. दुसऱ्या दिवशी फोनवर एकेक चाल सांगत त्यांनी तो डाव पुरा केला. आमची मुलगी हरली.

हेच जगाच्या पातळीवरही झालं आहे. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा अंतिम सामना भारत आणि रशियात होता. मध्येच नेट तुटलं, आणि दिव्या देशमुख आणि निहाल सरिन यांचे डाव वेळ संपून गेले. भारतानं दाद मागितली. जागतिक संघटनेनं विचार करून दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. तिथं निर्णय द्यायला मोठी माणसं बसली होती. आपल्या गावात तो निर्णय एका पोरीनं घेतला.

कर्ज मागणाऱ्या ताईंनी ते चार हजार आठ हप्त्यांत फेडले. मुलगा अजूनही कधीकधी तो जुना खेळ खेळतो, हे मी लपवत नाही. पण बुधवारी आठ वाजता तो आमच्याकडे असतो, कारण तिथं त्याची कोणीतरी वाट बघतं. मुलं बहुतेक त्याच ठिकाणी जातात.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचत जमा झाली, वही लिहून झाली की दहा मिनिटं काढा. आपली मुलं काय खेळतात, कोणाशी खेळतात, आणि मुलींना खेळायला मिळतं का, हे तीन प्रश्न विचारा. खेळ कोणताही घ्या, लुडो घ्या की बुद्धिबळ घ्या. नियम मात्र खेळणाऱ्यांकडूनच लिहून घ्या. आणि पहिल्या महिन्यात कोणी यायचं बंद झालं, तर रागावू नका, तिच्या घरी जा आणि का ते विचारा. आमचा गट तिथूनच खरा सुरू झाला.